तीस दिवसांची अट

३ नोव्हेंबर, सोमवार

एकतीस वर्षं जिल्हा परिषदेत पशुधन पर्यवेक्षक होतो. दर महिन्याला साहेबांना दौऱ्याची डायरी लिहून द्यावी लागायची. तिच्यात निम्मं खोटं असायचं. चकलांब्याला गेलो म्हणून लिहायचं आणि नांदूरघाटातच लिंबाखाली आडवं व्हायचं. ही वही मात्र मी माझ्यासाठी लिहितोय. ती कुणाच्या सहीला जायची नाही, तेव्हा हिच्यात खोटं लिहून फसवायचं कुणाला?

वही काढायचं कारण म्हणजे बजरंग. माझ्याच वयाचा, माझा वर्गमित्र. गेल्या महिन्यात त्याच्या छातीत कळ आली. पोरांनी गाडीत घालून जवळच्या खासगी दवाखान्यात नेलं. थोरला सत्तरीवरच्यांचं सरकारी कार्ड हातात धरून उभा, आणि खिडकीतला माणूस म्हणतो, आम्ही या योजनेत नाही. तिथून पुढं हलवण्याइतका वेळ नव्हता. बजरंग वाचला, पण पोराचा ट्रॅक्टर गेला.

माझ्याकडंही तेच कार्ड आहे. दगडाबाई, माझी बायको, सहासष्टची. तिला ते मिळत नाही, ती राशनकार्डावरच्या योजनेत बसते. मला पेन्शन आहे, पण दवाखान्याचं बिल आपलं आपण. तेव्हा ठरवलं, सरकारी कार्डाच्या जोडीला दोघांचा एक खासगी विमा उतरवायचा. मात्र पारखून. विमा कंपनी काय चीज असते हे या गावात माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. हजारभर जनावरांच्या कानात विम्याचा बिल्ला मी या हाताने ठोकलाय. गाव मला अजून डॉक्टर म्हणतं ते उगाच नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

भाचा अभिमन्यू केजहून आला. आधी ठिबकची एजन्सी, मग मोबाइलचं दुकान, आणि आता विमा. आल्या आल्या माझ्या पाया पडला, तेव्हाच मला शंका आली. हा एरवी दिवाळीलासुद्धा वाकत नाही.

"मामा, ज्येष्ठांसाठीच काढलेली पॉलिसी हाय. मामी आन तुमी, दोगं मिळून पाच लाख. कोणताबी दवाखाना."

"कोणताबी?"

"म्हंजी... त्यांच्या यादीतला."

"आन बिल समदं देणार?"

"वीस टक्के आपुन भरायचं. ते सगळीकडंच आसतंय, मामा."

"आदीपासून आसलेलं दुखणं?"

"ते तीन वर्सांनी."

एकेक अट चिमट्याने काढावी लागली. दगडाबाई चहा घेऊन आली तेव्हा शेवटची निघत होती. पहिले तीस दिवस अपघात सोडून काहीच मिळत नाही म्हणे. ती कपबशी ठेवून गेली नाही, दाराला टेकून ऐकत उभी राहिली. तिला विम्याचं एवढं काय पडलंय? अभिमन्यू तिच्याकडं बघून हसलासुद्धा. दोघांचं आधीच काही बोलणं झालेलं दिसतंय.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

जेवताना दगडाबाईने विचारलं, "ते तीस दिसाचं काय हुतं वो?"

तिला कळावं म्हणून जनावराचं सांगितलं. बिल्ला मारल्यापासून एकवीस दिवसांच्या आत जनावर आजारी पडलं की कंपनी हात वर करायची. दुखणाईत जनावर कुणी विम्यात घुसडू नये म्हणून ही अट. दिंद्रुडच्या एकाने म्हैस आतून दुखत असताना बिल्ला मारून घेतला. मी त्याला म्हणालो, गुपचूप बस. एकवीस दिवस तोंड उघडू नको, बाविसाव्या दिवशी माझ्याकडं ये. आला, आणि पैसे घेऊन गेला. चोरीच ती. पण कंपनी तरी कुठं साव होती?

"आन तवर म्हशीला कळा येत आसतील तर?"

"येऊ दे की. एकवीस दिसांत म्हैस मरत नसती."

"आन कंपनीला आदीच कळलं तर?"

"तर संपलं. दुखणाईताचा इमा कोण उतरीतंय?"

तिने उरलेली अर्धी भाकरी टोपल्यात परत ठेवली. आजकाल तिचं जेवण कमी झालंय. शेजारच्या सुनिताकडं दुपारी काहीबाही खाऊन येते, त्याशिवाय असं होणार नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

केजला बँकेत गेलतो. साहेब तरुण आहे, गोड बोलतो. खातेदारांसाठी समूह विमा आहे म्हणाला, सगळ्यात स्वस्त. स्वस्त म्हटलं की माझा हात आपोआप खिशावर जातो.

विचारलं, पुढच्या वर्षी बँकेने कंपनी बदलली तर? म्हणाला, नव्या कंपनीचे नियम लागतील. कंपनीने हा समूहच बंद केला तर? तसं होत नाही म्हणाला. लिहून द्या म्हटलं. त्यावर त्याने माझ्यासाठी पाणी मागवलं. अर्ध्या तासाने म्हणतो, काका, पासष्टच्या पुढं नवीन नाव घेता येत नाही. माझ्या पांढऱ्या मिशा त्याला आधी दिसल्या नव्हत्या काय?

१३ नोव्हेंबर, गुरुवार

रामेश्वरचा पुण्याहून फोन. आमचा एकुलता एक. तो म्हणतो, आबा, सुपर टॉप-अप घ्या. पहिले पाच लाख सरकारी कार्ड बघून घेईल, त्याच्या वरचं बिल कंपनी देईल. हप्ताही निम्मा.

ऐकायला गोड. पण मी कंपनीच्या नंबरवर फोन लावला आणि फोनवरच्या मुलीला दोनच प्रश्न विचारले. पहिले पाच लाख सरकारी योजनेतून गेले, तर ते तुम्ही तुमच्या पाच लाखांत धरता का? आणि बजरंगच्या दवाखान्यासारखं कुणी सरकारी कार्डच घेतलं नाही, तर तिथले पहिले पाच लाख माझ्या खिशातून का? तिने मला गाणं ऐकायला लावलं. मग म्हणाली, "सर, चेक करून कळवते." दिवे लागले तरी कळवलं नाही.

हप्ता रामेश्वर भरणार आहे, म्हणून त्याला निम्मा बरा वाटतो. यामागं सूनबाई उज्ज्वलाचं डोकं असणार. बोलली नाही तरी कळतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

दोन दिवस तिन्ही पॉलिस्या समोरासमोर मांडल्या. कागदावर तीन रकाने पाडले. सरकारी कार्डाचा रकाना पाडला नाही, ते आहेच आणि फुकट आहे, त्याची काय पारख करायची? बँकवाला वयातच बाद. टॉप-अपवाल्यांनी उत्तर दिलं नाही, आणि जो उत्तर देत नाही तो पैसेही देत नाही. राहता राहिला अभिमन्यू. वीस टक्के आपले जातील, पण निदान त्याचं घर मला माहीत आहे.

तो फॉर्म घेऊन आला. पूर्वीच्या आजारांपुढं थेट "नाही" लिहायला निघाला होता. मी पेन धरलं. म्हटलं, माझं बीपी लिही. उद्या पैसे नाकारायला त्यांना एवढं भोक पुरतं. दगडाबाईला आतून हाक मारून विचारलं, "तुला काई हाय का? आसंल तर आताच सांग."

पीठ मळता मळता, मान वर न करता म्हणाली, "मला काय धाड भरलीया?"

तिच्यापुढं "नाही" लिहिलं. तिचा अंगठा घेताना बघितलं, हात गार होता.

२० नोव्हेंबर, गुरुवार

कंपनीची मुलगी घरी येऊन दोघांचं रक्त, लघवी, बीपी, वजन घेऊन गेली. वजनाचा काटा साफ खोटा आहे. दगडाबाईला त्रेचाळीस दाखवला. ती आयुष्यात पन्नासच्या खाली गेली नाही. मी मुलीला सांगितलं, काटा तपासून घ्या. ती म्हणाली, काका, तुमचं बरोबर आलं ना? माझं बरोबरच आलं होतं. म्हणजे काट्यात काहीतरी मेख आहे. हलक्या माणसाचा हप्ता वेगळा लावतात की काय, अभिमन्यूला विचारायला हवं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

पॉलिसी आली. आजपासून चालू. बत्तीस पानं. भिंग लावून सगळी वाचली. रामेश्वरने हप्ता भरला, आवाज जरा तुटक होता.

दगडाबाई चुलीजवळून म्हणाली, "आजचा दिस धरायचा का उद्यापून मोजायचं?"

"काय मोजायचं?"

"तुमचं ते तीस."

"आजपासून धर. आन तुला काय घाई झालीया?"

तिने चुलीत लाकूड सारलं. नवरा मरायची वाट बघतेस काय म्हणून मी थट्टा केली, तर डोळ्याला पदर लावला. थट्टासुद्धा कळेना आता.

२ डिसेंबर, मंगळवार

घरातली हळद संपली. दिवाळीला किलोभर दळून आणली होती. दोन माणसांच्या कालवणात किलोभर हळद महिन्यात संपते? विचारलं तर म्हणते, "सांडली." सांडली तर जमीन पिवळी दिसायला पाहिजे. सुनिताकडं वाटी भरभरून जात असणार. शिवाय शेळीचं दूधही आता सुनिताच काढते. दगडाबाई म्हणते, डावा हात अवघडतो. चाळीस वर्षं अवघडला नाही तो बरोबर आताच अवघडला.

९ डिसेंबर, मंगळवार

दगडाबाईने दोन नवे झंपर शिवून घेतले. शिवले सुनितानेच. इतके ढगळ की आत दुसरी बाई मावेल. "कावून आसले शिवले?" तर म्हणे, "जुने काखंत काचतेत." वजन कमी भरतं म्हणावं आणि झंपर काचतो म्हणावं, यातलं एक तरी खोटं असलंच पाहिजे. माझ्यासमोर दोघी गप्प होतात, मी वळलो की कुजबुज सुरू. पैपाहुण्यांत असं चालतं तेव्हा जमिनीची वाटणी निघते. इथं काय निघणार आहे देव जाणे.

१४ डिसेंबर, रविवार

चुलीमागच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा सापडल्या. एकोणीस. दुधाचा हिशेब असणार. सुनिता रोज किती पळवते त्याचा, किंवा कदाचित दोघींच्या वाट्याचा. विचारलं नाही. चोर पकडायचा तर दिवा विझवून बसावं.

अभिमन्यूला दुसऱ्याच कामासाठी फोन केला तर तो हसत म्हणाला, "मामा, मामीचा फोन आलता की. तीस दिस नेमके कवा पुरे हुतेत म्हनून इचारीत हुत्या. लई हुशार झाल्यात मामी."

म्हणजे माझ्या पाठीमागं भाच्याशी बोलणं चालू आहे. आणि मला विचारायला काय झालं होतं? मी काही माहिती लपवून ठेवतो? चाळीस वर्षांच्या संसारात मी तिच्यावर कधी संशय घेतला नाही. घेतला असेल तर तो रास्त होता.

२२ डिसेंबर, सोमवार

आज सोक्षमोक्ष लावला. दगडाबाई देवळात गेली तशी सुनिताला अंगणात गाठलं.

"हळद, दूध, झंपर. काय चाललंय तुमचं दोगीचं? शेळी इकायचं ठरवलंय का?"

सुनिता आधी बघतच राहिली. मग तिला रडू फुटलं. "आबा, मला काईच इचारू नका. मावशीनं लेकराची आन घातलीया. चारच दिस ऱ्हायलेत, मंग त्या आपल्या तोंडानं सांगतेल."

"चार दिसांनी काय?"

ती पळालीच. शेळ्या मोजल्या, पाचही आहेत. झोप लागत नाही. ती कूस न बदलता एकाच अंगावर पडून असते. जागी आहे, हे मला श्वासावरून कळतं. मीही जागा आहे हे तिला कळत असेल.

२६ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी चहा पिऊन झाल्यावर दगडाबाईने दार लोटून घेतलं. माझ्यासमोर बसली. चेहरा कसा होता म्हणावं? परीक्षा संपवून आलेल्या पोरीसारखा.

"आज एकतिसावा हाय. मी रोजच्या रोज रेघ वढलीया. आता दाखवू का?"

"काय दाखवू का?"

तिने झंपराची गुंडी काढली. डाव्या अंगाला, स्तनापासून काखेपर्यंत हळदीचा वाळलेला लेप. लेपाखाली गाठ.

"महालक्ष्म्या बसल्या तवा हरभऱ्याएवडी हुती. आता बगा. लई कळा मारती. पर मी कुनाला कळू दिलं न्हाई. सुनितीला तेवडं दिसलं, तर तिला आन घातली. अभिमन्यूलाबी काई बोलले न्हाई. तुमी म्हनलं हुतं, दिस पुरे हुईस्तवर तोंड उघडायचं न्हाई."

मी हात लावला. तीस वर्षं गाई-म्हशींच्या कासा तपासलेला हात आहे. त्याला काय कळलं ते इथं लिहीत नाही.

तिला वाटत होतं मी खूश होईन. "आता कंपनी देईल न्हवं?" म्हणाली. तीन वर्षांची अट तिने ऐकलेलीच नव्हती. ती अभिमन्यूने सांगितली तेव्हा ती आत चहा टाकत होती. आणि मी तिला सांगितलं ते म्हशीचं.

मी बाहेर जाऊन लिंबाला टेकून उभा राहिलो. रडलो. सुनिता कुंपणापलीकडून बघत होती, बघू दे म्हटलं.

२७ डिसेंबर, शनिवार

तीन वर्षांचं तिला सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग आसं करू. आठ दिसांखाली निगाली म्हनून सांगू. कुनी बगितलंय?"

रामेश्वरचा फोन. तो आईला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं म्हणतो, पॉलिसी तिथं चालते. उज्ज्वला मागून म्हणाली, आईंना आजच गाडीत बसवा, पैशाचं नंतर बघू. या पोरीविषयी मी वर जे लिहिलंय ते मागं घेतो.

अभिमन्यू समोर येऊन बसला, खाली मान घालून. "मामा, डागदरनं इचारलं की आठ दिसच म्हना. पयल्या केसपेपरवर जे लिहिल्यालं आसतंय तेच कंपनी धरती. तीन-चार महिने लिहिलं गेलं की पॉलिसी मेली म्हना." हा माझाच चेला. मी दिंद्रुडवाल्याला दिलेला सल्ला त्याने मलाच परत दिला, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

पुण्याला जायचं तरी पहिली तपासणी इथंच करून घ्यावी असं ठरलं. सोमवारी अंबाजोगाईला सरकारी दवाखान्यात. आठ दिवस म्हणायचं, हे मीही मान्य केलं. लिहितोय, कारण केलं ते केलं.

२९ डिसेंबर, सोमवार

पहाटेच्या एसटीने निघालो. दगडाबाई खिडकीशी बसून ओठ हलवत होती. आठ दिस, आठ दिस, असं घोकत होती.

रांगेत अडीच तास. डॉक्टर पोरसवदा बाई, चष्म्याची, झोप न झालेली. पडद्याआड तपासलं, मलाही आत बोलावलं. पेन काढून विचारलं, "किती दिवसांपासून आहे आजी?"

"आठ दिस."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "आठ दिवसांची गाठ अशी नसते. खरं सांगा. किती वेगाने वाढली, त्यावर पुढचा इलाज ठरवायचा असतो मला."

"आठच दिस," दगडाबाई म्हणाली आणि माझ्याकडं बघितलं. बरोबर बोलले ना, असं.

अभिमन्यू बरोबर होता, केसपेपरवर लिहिलं ते कायमचं. पुण्याचा दवाखाना, रामेश्वरने भरलेला हप्ता, तिने दात आवळून काढलेले एकतीस दिवस, सगळं त्या एका ओळीवर होतं. मला आयुष्यात खोट्या कागदाची भीती कधी वाटली नाही. पण हा कागद वाचून ही पोरगी माझ्या बायकोवर हत्यार चालवणार होती.

"चार महिने झाले," मी म्हणालो. "महालक्ष्म्यांपासून. तेव्हा हरभऱ्याएवढी होती. गेल्या महिन्यात जास्त वाढली. वजनही सात-आठ किलो उतरलंय. काटा बरोबर होता."

काट्याचं त्यांना कळलं नाही. बाकीचं लिहून घेतलं. "मग इतके दिवस थांबलात कशासाठी?"

दगडाबाई म्हणाली, "मीच बोलले न्हाई, बाई. ह्यांचा दोष न्हाई." इतकं होऊन ती माझीच बाजू घेत होती. मला तिथंच जमिनीत जावंसं वाटलं.

उद्या तुकडा काढून तपासायला पाठवणार. उशीर झालाय, पण इलाज आहे, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच आवाजात सांगितल्या, त्यामुळं कोणती जास्त खरी ते मला समजलं नाही. पुढं ऑपरेशन लागलं तर राशनकार्डावरच्या योजनेतून होईल, तेव्हा कागद आजच देऊन ठेवा म्हणाल्या.

योजनेच्या खिडकीपाशी एक बाई बसल्या होत्या. राशनकार्ड बघितलं, आधार बघितलं, दगडाबाईचा अंगठा घेतला. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. एवढ्या सरळ झालेल्या कामावर माझा विश्वास बसेना. फसवणूक कुठं आहे ते आधीच कळावं म्हणून मी विचारलं, "बाई, दुखणं आदीपासूनचं हाय. चार महिन्यांचं. कागदावरबी तसंच लिहिलंय. मंग किती दिस थांबावं लागंल?"

"थांबायचं कशाला काका?" त्या म्हणाल्या. "दुखणं असतं म्हणूनच तर माणूस इथं येतो."

"म्हंजी महालक्ष्म्यांना आलो आसतो तर?"

"तेव्हाही झालं असतं."

मागची रांग ढकलत होती, म्हणून आम्ही बाजूच्या बाकावर येऊन बसलो. दगडाबाई बराच वेळ हातातल्या पावतीकडं बघत होती. तिला वाचता येत नाही. मग तिने माझ्याकडं तोंड केलं. रागाने नाही, खरंच समजून घ्यायचं म्हणून विचारलं.

"मंग मी कावून थांबले वो?"

"माझं ऐकलंस म्हणून," मी म्हणालो.